स्टीअरिंगची खडखड: रॅक काढायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १७ वर्षांची, मीटरवर १,८०,००० किलोमीटर, हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग. खराब रस्त्यावर कमी वेगात पुढून खडखड येते आणि ती स्टीअरिंगवरच्या हातांनाही जाणवते. सरळ चालताना स्टीअरिंग दोन बोटं इकडेतिकडे हललं तरी गाडी दाद देत नाही. एक मेकॅनिक म्हणतो, रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा अख्खा भाग) गेला, पूर्ण बदला. दुसरा म्हणतो, रॅकच्या मागचा नट जरा आवळतो, दहा मिनिटांचं काम आहे. ऐकायचं कुणाचं?

सध्या तरी कुणाचंच नाही. तुम्ही लिहिलंय त्यात दोघांपैकी कुणी गाडीखाली गेल्याचं दिसत नाही. आणि हा दोष गाडीखाली जाऊन, हात लावूनच कळतो. रॅकच्या नावाने माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत रॅक ठणठणीत निघालाय आणि आवाज करणारा पार्ट शेजारचा, त्याच्या मानाने किरकोळ निघालाय. तुमच्याकडेही तसंच असेल असं नाही, पण आधी शेजारी तपासायचे आणि मग रॅक, हा क्रम मी सोडत नाही. नट आवळणं तर अगदी शेवटी. का, ते पुढे सांगतो.

आधी आत काय चाललंय ते बघू. स्टीअरिंगपासून खाली उतरणारा दांडा म्हणजे कॉलम. त्याच्या खालच्या टोकाला एक छोटा गिअर असतो, तो पिनियन. त्याचे दाते एका लांब दांडीवरच्या दात्यांत बसतात, ती दांडी म्हणजे रॅक. स्टीअरिंग फिरवलं की दांडी डावीउजवीकडे सरकते. तिच्या दोन्ही टोकांना आतले बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे जोड), त्यांना चाकाकडे जाणारे टाय रॉड, आणि टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला चाकाजवळचे टाय रॉड एंड. दांडीला दोनच ठिकाणी आधार असतो. पिनियनपाशी तिच्या पाठीमागून एक गुटका स्प्रिंगच्या जोरावर तिला पिनियनकडे दाबून धरतो. दुसऱ्या टोकाला ती बहुतेक वेळा प्लास्टिकच्या बुशमधून, म्हणजे आधार देणाऱ्या नळीसारख्या कड्यातून, सरकते. त्या गुटक्यामागे आट्यांचा प्लग आणि त्यावर मोठा लॉक नट. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकला आवळायचा आहे तो हाच. गुटका आणि प्लग यांच्यात ठेवायची फट साधारण कागदाच्या जाडीएवढी असते. ती वाढली की खड्ड्यातल्या प्रत्येक धक्क्याला दांडी मागे उडते आणि परत पिनियनवर आपटते. तीच ती खडखड.

पण अगदी असाच आवाज स्टॅबिलायझर लिंकही काढते (वळणात गाडी कलू न देणाऱ्या आडव्या बारला सस्पेंशनशी जोडणारी छोटी दांडी), लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा) बॉल जॉइंटही काढतो आणि कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंटही (कोनात वळणारा जोड) काढतो. पुढचं सगळं सस्पेंशन एकाच पत्र्याला आणि एकाच क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) बांधलेलं असतं, त्यामुळे आवाज कुठून निघतोय हे कानाला नीट कळत नाही. कानाने फक्त दिशा मिळते, खात्री हातानेच होते.

दिशा मिळवायला एक चाचणी मी नेहमी करतो. रिकामा, बारीक खड्ड्यांचा रस्ता शोधा. सरळ, हळू जा आणि आवाज ऐका. मग त्याच रस्त्यावर त्याच वेगाने मोठ्या वळणात गाडी घ्या, म्हणजे स्टीअरिंगवर एका बाजूने सतत ताण राहील. वळणात खडखड गायब किंवा बरीच कमी झाली तर संशय रॅक, टाय रॉड आणि कॉलम यांच्यावर. ताणामुळे दाते एकाच बाजूला टेकून बसतात, मग मोकळी जागा असली तरी आपटायला वाव राहत नाही. वळणातही आवाज तसाच राहिला तर आधी स्टॅबिलायझर लिंक आणि लोअर आर्मचे बुश बघा. ही चाचणी शंभर टक्के खरी ठरते असं नाही, पण कुठून सुरुवात करायची ते तिच्यावरून ठरतं.

लिंकचा संशय असेल तर सोपा उपाय आहे. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, बार कशालाही लागणार नाही असा बांधून ठेवा आणि रिकाम्या जागेत माणसाच्या चालीने गाडी त्याच खड्ड्यांवरून न्या. आवाज गेला? मग गुन्हेगार सापडला. एकच बाजू सोडवून ही चाचणी होत नाही, दोन्ही सोडवाव्या लागतात. आणि लिंक सुटलेल्या असताना गाडी रस्त्यावर नेऊ नका.

आता ढिलेपणा. इथे एक चूक सर्रास होते. गाडी बंद असताना लोक स्टीअरिंग हलवून बघतात आणि 'केवढा प्ले (मोकळी हालचाल) आहे' म्हणतात. हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये एक टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ खाणारी बारीक दांडी. इंजिन बंद असताना स्टीअरिंग थोडं फिरतं ते ही दांडी पिळली जाते म्हणून. हा दोष नाही, ती रचनाच तशी आहे. म्हणून चाकं सरळ, जमिनीवर टेकलेली आणि इंजिन चालू ठेवून बघायचं. स्टीअरिंगच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा, समोर पट्टी धरा आणि टायर हलायला लागेपर्यंत चिकटपट्टी किती सरकते ते मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कडेला ० ते ३० मिलिमीटरपर्यंतचा प्ले चालतो असं दिलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तुमची 'दोन बोटं' मोजल्यावर ३० मिलिमीटरच्या आत-बाहेर भरतील असं वाटतं. म्हणजे दोष आहे, पण हाहाकार नाही.

यापुढचं काम दोन माणसांचं. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्या, चाकं टेकलेलीच राहू द्या. एकाने आत बसून इंजिन चालू करून स्टीअरिंग थोडं थोडं, सारख्या लयीत डावीउजवीकडे हलवायचं. फार नाही, प्ले संपून चाक हलायच्या बेतात येईल इतकंच. दुसऱ्याने खाली एकेका जोडावर हात ठेवत जायचं. डोळ्यांनी शोधू नका. जोडाच्या दोन्ही बाजू एकाच मुठीत धरा, अर्धी बोटं इकडच्या पार्टवर, अर्धी तिकडच्या. जोड घट्ट असेल तर दोन्ही बाजू एकत्र हलतात. सैल असेल तर एक बाजू आधी हलते, दुसरी क्षणभर उशिरा, आणि मधल्या त्या क्षणात बोटांना बारीकसा 'टक्' लागतो. एकदा तो बोटांना कळला की पुन्हा विसरत नाही. चुकीच्या जोडावर हात असेल तर टक् दुरून आल्यासारखा, मऊ लागतो. बरोबर जोडावर तो थेट कातडीला टोचतो. सगळं निदान याच फरकावर चालतं. फक्त एक सांभाळा: इंजिन चालू असताना बाही, केस, बोटं बेल्ट आणि पंख्यापासून लांब ठेवा.

सुरुवात वरून करा. पायांजवळ, पेडलच्या मागे जिथे कॉलम फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) बाहेर जातो, तिथला युनिव्हर्सल जॉइंट हातात धरा. मेकॅनिक त्याला क्रॉस म्हणतात. तो गंजून सैल होतो. पण त्याहून जास्त वेळा त्याचा पिनियनच्या शाफ्टवर आवळणारा बोल्ट ढिला निघतो, विशेषतः आधी कुणीतरी कॉलम किंवा रॅक उघडलेला असेल तर. एका गाडीला नवा रॅक टाकूनही आवाज तसाच राहिला होता. तिचा हा बोल्ट निम्माच आवळलेला होता. तपासायला लागली दोन मिनिटं. बोल्ट ढिला असेल तर मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळा. काढून बघितलात आणि तो घासलेला दिसला तर नवा टाका, कारण बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टवरच्या खाचेत बसून शाफ्ट निसटू देत नाही.

मग रॅकची बॉडी. ती क्रॉसमेंबरला क्लॅम्प किंवा बोल्टने बसवलेली असते, बऱ्याच वेळा मध्ये रबरी बुश असतो. स्टीअरिंग हलवताना सगळी बॉडीच बाजूला सरकताना दिसली तर रबर गेलंय किंवा बोल्ट ढिले आहेत. जुन्या हायड्रॉलिक गाड्यांत पाइपातून गळलेलं तेल या रबरावर पडत राहतं आणि रबर फुगून मऊ होतं. आधी गळती बंद करा, मग रबर बदला. नाहीतर काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच.

आता आतला बॉल जॉइंट. लोक चुकतात ते इथे, कारण तो बूटच्या आत दिसत नाही. बूट म्हणजे रॅकच्या टोकावरचं घडीघडीचं रबर. ते बाहेरून मुठीत दाबा, आतला गोळा बोटांत येईपर्यंत, आणि आतल्या माणसाला स्टीअरिंग हलवायला सांगा. सैल असेल तर दांडी आधी सरकते आणि टाय रॉड मागून येतो, ते रबरामधूनही स्पष्ट लागतं. मग बाहेरचा टाय रॉड एंड. त्याचं रबर फाटलेलं असेल आणि ग्रीसच्या जागी वाळू असेल तर चाचणीची गरजच नाही, तो बदलायचाच.

यानंतर गाडी उचला. फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, मग बारा आणि सहाच्या जागी. तीन-नऊला सैल असेल तर टाय रॉड किंवा रॅक. बारा-सहाला सैल असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर सैलपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. आणि हो, सगळ्यात आधी चाकाचे नट आवळून बघा. पंक्चर काढून आणलेली गाडी 'स्टीअरिंग लूज झालंय' म्हणून माझ्याकडे येते तेव्हा मी पहिल्यांदा पाना उचलतो तो या नटांसाठीच.

जागेवर उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल तर तो वेगळा विषय आहे. शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडकलंय. एक हात स्प्रिंगवर ठेवला की ती अडखळून सुटताना जाणवते.

इतकं सगळं घट्ट निघालं तरच रॅकवर संशय घ्यायचा. पिनियनच्या विरुद्ध टोकाच्या बूटचा बाहेरचा छोटा क्लिप सोडवा, आतला क्लॅम्प काढा, बूट बाहेर सरकवा आणि उघड्या दांडीला वरखाली हलवून बघा. हाताला सहज कळेल इतकी ती वरखाली होत असेल तर त्या टोकाचा बुश झिजलाय. बऱ्याच रॅकमध्ये हा बुश वेगळा मिळतो आणि बदलता येतो, त्यासाठी रॅक फेकायची गरज नाही. बूट उघडलाच आहे तर आतल्या दांडीवरून बोट फिरवा. ती गुळगुळीत, चकचकीत हवी. बोटाला खरखर लागली, गंजाचे खड्डे दिसले, तर फाटलेल्या बूटमधून पाणी आत गेलंय. अशा दांडीवर नवा बुश टिकत नाही, ती त्याला कानसेसारखी खाते. आणि बूटमधून तेल बाहेर आलं तर हायड्रॉलिक सील गेलंय. मग रॅक काढून सील बदलून घ्या किंवा रॅकच बदला. नट आवळून तेल थांबत नाही.

आता त्या नटाबद्दल. आपण गाडी जास्त वेळ सरळ चालवतो, त्यामुळे रॅकचे मधले दाते सगळ्यात जास्त झिजतात आणि टोकांकडचे जवळजवळ कोरे राहतात. समजा मध्ये सैल लागतंय म्हणून तुम्ही नट आवळला आणि मधला सैलपणा काढून टाकला. आता स्टीअरिंग पूर्ण वळवलं की न झिजलेले दाते पिनियनखाली येतात, तिथे जागाच उरत नाही आणि रॅक आवळून बसतो. मी हे करून बसलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीचा आवाज नट आवळून घालवला, मालक खूश, मीही खूश. चाचणीला गेलो, चौकात वळलो, नेहमीप्रमाणे स्टीअरिंग हलकं सोडलं आणि ते परत आलंच नाही. गाडी वळतच राहिली. हाताने ओढून सरळ करावी लागली. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप मध्यावर येतं हे आपल्या हातांनी इतकं गृहीत धरलेलं असतं की ते थांबलं की मेंदूला कळायला वेळ लागतो. त्याच दिवशी नट परत सैल केला.

तरीही आवळायचं असेल, म्हणजे बाकी सगळं घट्ट आहे, बुश चांगला आहे, दांडी गंजलेली नाही आणि मॅन्युअल ते करायला परवानगी देतं, तर असं करा. आधी प्लग आणि बॉडीवर रंगाने खूण करा. लॉक नट सैल करा. मॅन्युअलमध्ये प्लग ठरावीक टॉर्कने आवळून मग ठरावीक अंश मागे फिरवायची पद्धत दिली असेल तर तीच वापरा. नसेल तर १० ते १५ अंशांहून जास्त एका वेळी फिरवू नका. हिशेब करून बघा: प्लगच्या आट्यांचा पिच (एका पूर्ण फेरीत प्लग जितका आत जातो ते अंतर) १.५ मिलिमीटर धरला तर १५ अंशांत तो सुमारे ०.०६ मिलिमीटर आत जातो. कागदाच्या जाडीच्या फटीत हे खूप झालं. पाव फेरी आवळली तर जवळजवळ ०.४ मिलिमीटर, म्हणजे फट संपून वर जबरदस्ती. प्लग धरून लॉक नट आवळा, कारण नट आवळताना प्लग सोबत फिरतो आणि तुमची सगळी मापं वाया जातात. मग चाकं उचललेली असताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. कुठेही जड जागा लागली तर मागे या. शेवटी रिकाम्या जागेत गाडी चालवून वळा आणि स्टीअरिंग परत येतं का बघा. दोन वेळा इतकं करूनही आवाज राहिला तर दोष तिथे नाही, तिसऱ्यांदा आवळू नका. काही रॅकमध्ये हा प्लग कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो, मग विषयच मिटला.

टाय रॉड एंड किंवा आतला जॉइंट बदलायला निघालात तर काढण्याआधी टाय रॉडवर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा आणि नवा पार्ट तितकाच आत फिरवा. यामुळे अलाइनमेंट टळत नाही, फक्त अलाइनमेंटच्या जागेपर्यंत गाडी सरळ जाते. एंड काढायला फोर्कसारखं हत्यार ठोकू नका, रबर फाटतं, पुलर वापरा. आतला जॉइंट सोडवताना दांडीला वेगळा पाना लावून धरा, नाहीतर सगळा पीळ पिनियनच्या दात्यांवर जातो. वॉशर किंवा कॉटर पिन जुनी परत वापरायची नाही. बूटच्या छोट्या टोकाला आतून सिलिकॉन ग्रीस लावा. अलाइनमेंटवाला टाय रॉड फिरवतो तेव्हा बूट त्याच्याबरोबर पिळला जातो आणि महिन्याभरात फाटतो, ते यामुळे वाचतं.

पूर्ण रॅक बदलायची वेळ आलीच तर सगळ्यात महागात पडणारी चूक कॉलमची असते. रॅक सुटलेला असताना स्टीअरिंग फिरू देऊ नका, चाकं सरळ ठेवून ते बांधून टाका. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टीअरिंगच्या मागे गुंडाळलेली पट्टीची केबल असते; मोकळं स्टीअरिंग दोन-तीन फेऱ्या फिरलं की ती तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. नवा रॅक बसवण्याआधी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या फिरतो ते मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणून बसवा. हायड्रॉलिकमध्ये मॅन्युअलने सांगितलेलंच तेल घाला. हवा काढताना चाकं उचलून स्टीअरिंग हळू फिरवा, टोकाला काही सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज? वळणात आवाज कमी होतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर मी आतल्या बॉल जॉइंटवर पैज लावेन, रॅकवर नाही. प्ले आणि खडखड एकत्र येणं या वयाच्या गाडीत तिथूनच जास्त वेळा सुरू होताना पाहिलंय. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर अंदाज आणखी पक्का. पण मूठ त्या बूटवर ठेवून टक् लागेपर्यंत काही विकत घेऊ नका. आणि प्ले अचानक वाढला, म्हणजे काल दोन बोटं आणि आज चार, तर मात्र गाडी जिथे आहे तिथेच ठेवा आणि उचलून न्या. जॉइंटचा गोळा घरातून निसटण्याच्या बेतात आला की एका चाकाचा ताबा सुटतो.